स्पीकरमधला ॲम्प्लिफायर बिघडतो तेव्हा : दुरुस्ती, बदल आणि अवयव-अवयवीचा प्रश्न

या व्याख्यानमालेत माझ्या वाट्याला बहुतेक वेळा न्याय, वैशेषिक, बौद्ध असे विषय येतात. या वेळी मी संयोजकांना म्हटलं, मला घरातल्या स्पीकरबद्दल बोलायचंय. ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे ध्वनीचं तत्त्वज्ञान का सर?" मी म्हटलं, "नाही हो. स्पीकर. बिघडलेला स्पीकर."

तर आजचा विषय तोच आहे. ज्या स्पीकरच्या पोटातच सबवूफरचा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, तो ॲम्प्लिफायर बंद पडला तर काय करायचं? दुरुस्त करायचा, बदलायचा, की अख्खा स्पीकर टाकायचा? गेलं दीड वर्ष मी यात गुंतलो होतो. त्यात एक काम बरं जमलं आणि एक चूक केली. दोन्ही सांगणार आहे. तत्त्वज्ञान मधूनमधून येईल, त्याला माझा इलाज नाही.

आधी प्रसंग सांगतो. माझे थोरले बंधू, आमचे दादा, गाण्याचे वेडे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी उंच उभ्या स्पीकरची एक जोडी घेतली होती. ते गेल्यावर वहिनींनी ती माझ्याकडे पाठवली, कारण त्यांच्या नव्या घरात जागा नव्हती. पण एक अट होती. दर रविवारी सकाळी त्या आमच्याकडे येणार आणि दादांच्या संग्रहातलं काहीतरी ऐकणार. अशाच एका रविवारी ख्याल चालू होता. वहिनी दहा मिनिटं ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तबला वाजतोय, पण डग्गा कुठे गेला हो?"

मला काहीच जाणवलं नव्हतं. मी उठून डाव्या स्पीकरच्या खालच्या वूफरला हात लावला. पडदा स्तब्ध. वरचे छोटे स्पीकर वाजत होते, खालचा मुका. गाण्यातला खर्ज निम्म्याने गेला होता.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर मिळालं : हे मॉडेल बंद झालंय, सुटे भाग मिळत नाहीत, जोडी काढून टाका, एक्स्चेंजमध्ये काहीतरी देऊ. आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकलं असेल. या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे. 'स्पीकर बिघडला' असं आपण म्हणतो तेव्हा स्पीकर ही एकच वस्तू आहे असं धरून चालतो. खरंच एकच आहे का?

मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला, म्हणजे ग्रीक राजा मिनँडरला, रथाबद्दल विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. बौद्धांचं म्हणणं असं की 'रथ' हे भागांच्या विशिष्ट जुळणीला दिलेलं नाव आहे, त्यापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. नैयायिक आणि वैशेषिक म्हणतात, नाही, अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो. हा वाद शेकडो वर्षं चालला. तो आज मिटवायचा नाही. पण दुरुस्तीला बसलेल्या माणसाने सुरुवात नागसेनाकडून करावी, असं माझं मत आहे. म्हणजे आधी वस्तूचे भाग मोजावेत.

मोजू या. अशा स्पीकरमध्ये वरच्या बाजूला मधल्या आणि उंच स्वरांचे छोटे स्पीकर असतात. ते आपल्या नेहमीच्या, बाहेरच्या ॲम्प्लिफायरवर चालतात. खाली मोठा वूफर असतो, आणि त्याला चालवायला मागच्या बाजूला एक ॲल्युमिनियमची पाटी. त्या पाटीच्या आतल्या अंगाला सर्किट असतं, बाहेरच्या अंगाला बटणं आणि विजेची वायर. पाटी सहा-आठ-दहा स्क्रूंनी पेटीला बसवलेली असते. आमच्याकडे आठ होते. याला तंत्रज्ञ 'प्लेट ॲम्प्लिफायर' म्हणतात. म्हणजे एका पेटीत किमान चार स्वतंत्र गोष्टी झाल्या : छोटे स्पीकर, वूफर, प्लेट ॲम्प्लिफायर आणि पेटी. यातला एक भाग मेला म्हणून चौघांचा अंत्यविधी कशाला?

आता मेलाय नक्की कोण, हे कसं ठरवायचं? इथे आपल्या परंपरेतलं एक साधं साधन उपयोगी पडतं : अन्वय आणि व्यतिरेक. जे असताना कार्य होतं आणि जे काढल्यावर होत नाही, ते कारण. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली 'सिस्टिम ऑफ लॉजिक'मध्ये ज्या पद्धती मांडल्या, त्यातही हीच कल्पना आहे. सुदैवाने स्पीकर जोडीने असतात, त्यामुळे तुलनेसाठी चांगला नमुना शेजारीच उभा असतो.

पहिली परीक्षा अदलाबदलीची. बाहेरचा ॲम्प्लिफायर बंद करा, डाव्या स्पीकरची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावा. दोष वायरीबरोबर दुसरीकडे गेला तर चूक मागे आहे, म्हणजे वायरीत किंवा मुख्य ॲम्प्लिफायरमध्ये. दोष त्याच पेटीत राहिला तर पेटीच आजारी. मग विजेची वायर आणि सॉकेट बदलून पाहा. तुम्ही हसाल, पण निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

दुसरी परीक्षा नुसत्या निरीक्षणाची. दिवा लागतो का? लाल राहतो की हिरवा होतो? गुणगुण येते का? जळका वास आहे का? आमच्या डाव्या पेटीचा दिवा लाल होता, गाणं लावलं तरी हिरवा होत नव्हता. आणि नंतर आठवलं की आधीचे काही महिने तो हिरवा व्हायला उशीर लावत होता. आधी काही सेकंद, मग मिनिट, मग पाच मिनिटं. हे फार बोलकं लक्षण आहे. त्याकडे पुन्हा येतो.

तिसरी परीक्षा वूफरची. त्यासाठी पाटी काढावी लागते, म्हणून आधी सुरक्षिततेचं बोलतो. हा भाग कृपया वगळू नका.

आपल्या घरात २३० व्होल्ट वीज येते. या ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असतो. तो त्या विजेचं थेट डीसीमध्ये रूपांतर करतो, आणि ते जवळजवळ ३२५ व्होल्ट भरतं. एका मोठ्या कपॅसिटरमध्ये ते साठून राहतं, प्लग काढल्यावरसुद्धा. म्हणून नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग भिंतीतून काढायचा, किमान दहा मिनिटं थांबायचं, आणि मग मल्टिमीटरने त्या कपॅसिटरवर व्होल्टेज मोजून खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडणं ही मर्दुमकी नव्हे. व्होल्टेज शिल्लक असेल तर काही हजार ओहमचा, पुरेशा वॉटेजचा रेझिस्टर लावून ते उतरवायचं. हे शेवटचं वाक्य ज्यांना नीट कळलं नाही, त्यांनी पाटी काढून वूफर तपासण्यापर्यंतच जावं, सर्किटला हात लावू नये. ते काम जाणत्याकडे द्यावं. मी स्वतः तेच केलं.

पाटी सोडवताना मोबाईलवर फोटो काढा. कोणती वायर कुठे होती हे आपल्याला आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही. वूफरकडे जाणाऱ्या दोन वायरी ॲम्प्लिफायरकडून सोडवा आणि मल्टिमीटरने त्यांच्यातला रोध मोजा. चार ओहमचा म्हणून विकलेला वूफर साधारण तीन ते साडेतीन ओहम दाखवतो, आठ ओहमचा सहाच्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर वूफरची कॉइल तुटलेली आहे. मग दीड व्होल्टचा एक साधा सेल क्षणभर वायरींना लावा. 'टप्प' असा मऊ आवाज आला आणि पडदा पुढे किंवा मागे हलला, तर वूफर जिवंत आहे. शेवटी बोटांनी पडदा दोन्ही बाजूंनी अलगद दाबा. खरखर लागली तर आतली कॉइल घासतेय.

आमचा वूफर ३.३ ओहम दाखवत होता, 'टप्प' म्हणाला, खरखर नाही. म्हणजे व्यतिरेकाने एकच संशयित उरला, प्लेट ॲम्प्लिफायर.

ती पाटी पिशवीत घालून मी बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं किती आहेत हे पुणेकरांना सांगायला नको. तिथल्या एका गल्लीत, जिन्याखाली बसणारा एक तरुण दुरुस्तीवाला मला मिळाला. त्याने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "काका, चालू व्हायला वेळ लावत होता का आधी?" मी हो म्हटलं. "मग कपॅसिटर असणार. ठेवून जा."

त्याने हे कशावरून ओळखलं? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे छोटा डबा, त्यात द्रव असतो. उष्णतेने तो द्रव वर्षानुवर्षं हळूहळू सुकतो. सुकलेला कपॅसिटर थंड असताना काम करत नाही आणि थोडा गरम झाला की कसाबसा करतो. म्हणून सुरू व्हायला उशीर. आता हिशेब पाहा. एखाद्या कपॅसिटरवर १०५ अंशांना २,००० तास असं आयुष्य दिलेलं असतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास. वर्षात तास किती? ८,७६०. म्हणजे पावणेचार वर्षांच्या आतच. ५५ अंशांना त्याच्या दुप्पट, सव्वासात वर्षं. आपण गाणं दिवसातून तासभर ऐकतो, पण तो लाल दिवा चोवीस तास जळतो. गाण्याची वाट पाहणारा छोटा वीजपुरवठा बंद पेटीत, गरम हवेत, रात्रंदिवस चालू असतो. ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा वाजून झिजत नाही, वाट पाहून झिजतो. म्हणून सांगतो, ऐकून झालं की भिंतीवरचं बटण बंद करा.

त्या मुलाने त्या भागातले पाच कपॅसिटर बदलले. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंशांचेच, आणि अर्थात धन-ऋण टोकं सांभाळून. वरून फुगलेला एकही नव्हता, हे लक्षात ठेवा. कपॅसिटर दिसायला धडधाकट असूनही आतून गेलेला असू शकतो. तो मोजायला ईएसआर मीटर लागतो. शिवाय त्याने भिंगातून जड भागांच्या पायांभोवतीचा डाग तपासला. वूफरच्या हादऱ्याने तिथे बारीक गोल चीर पडते, तिला ड्राय सोल्डर म्हणतात. दोन ठिकाणी सापडली. आणि काही भागांच्या बुडाशी लावलेला, उष्णतेने तपकिरी झालेला गोंद खरवडून काढला. असा जुना गोंद कधीकधी वीज वाहू लागतो आणि तारा कुरतडतो.

घरी जोडण्यापूर्वी त्याने आणखी एक गोष्ट केली. ॲम्प्लिफायर चालू करून, वूफर न जोडता, बाहेर पडणाऱ्या टोकांवर डीसी मोजलं. काही मिलिव्होल्ट असलं तर ठीक. काही व्होल्ट असलं तर वूफर जोडायचा नाही, नाहीतर चांगली कॉइल जळते. सगळं ठीक होतं. रविवारी डग्गा परत आला. वहिनींनी फक्त मान हलवली.

आता माझी चूक.

दोन-अडीच महिन्यांनी पावसाळ्यात वीज चार-पाच वेळा गेली-आली, आणि उजव्या पेटीचा दिवा पूर्ण विझला. मागचा फ्यूज काढून पाहिला तर काच आतून काळीकुट्ट. पाटीवर स्वच्छ छापलं होतं, २ ॲम्पिअर, सावकाश जळणारा. घरातल्या ड्रॉवरमध्ये ५ ॲम्पिअरचा होता. डाव्या पेटीच्या यशाने मी जरा फुगलो होतो. म्हटलं, बघू या तरी. बटण दाबलं. 'फट्' असा आवाज आला आणि मागून धूर.

न्यायशास्त्रात आप्ताच्या वचनाला प्रमाण मानतात. आप्त म्हणजे जे जसं आहे ते जाणणारा आणि तसंच सांगणारा. फ्यूज हा त्या पेटीतला आप्त होता. नुसता वितळलेला फ्यूज म्हणतो, थोडा ताण आला. काचेवर काळा मुलामा चढवून गेलेला फ्यूज म्हणतो, आत थेट शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. मी काय केलं? साक्ष आवडली नाही म्हणून साक्षीदार बदलला. आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलेल्या माणसाने.

जिन्याखालच्या त्या मुलाने बोर्ड उलटा करून दाखवला. तांब्याची वाट जळून कोळसा झालेली, शेजारचा मुख्य भाग फुटलेला. म्हणाला, "काका, पहिला फ्यूज गेला तेव्हाच आणला असता तर दोन पार्टमध्ये झालं असतं. आता बोर्ड सोडून द्या." रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

अशा वेळी काय करावं तेही त्याने दाखवलं. त्याच्याकडे सिरीज बोर्ड होता. म्हणजे शंभर वॉटचा जुना, तारेचा बल्ब विजेच्या वाटेत एकसर जोडलेला. संशयित वस्तू त्याच्यातून चालू करायची. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. प्रखर जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने तो सोसल्यामुळे बाकीचं वाचलं. एलईडी बल्ब याला चालत नाही.

तर आता डावी पेटी दुरुस्त, उजवीचा बोर्ड राख. वहिनींना मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांनी पण एकदा मिक्सर असाच जाळला होता." पण पुढच्या दोन रविवारी त्या आल्या नाहीत. कारण वेगळंही असेल. मी विचारलं नाही.

दुरुस्ती शक्य नसेल तेव्हा तीन मार्ग उरतात. पहिला, त्याच मॉडेलची जुनी पाटी शोधणं. मिळाली तर उत्तम, पण तिचेही कपॅसिटर तेवढ्याच वयाचे असतात, ते आधी बदलून घ्यावेत. दुसरा, बाजारात मिळणारा सर्वसाधारण प्लेट ॲम्प्लिफायर. यात कापलेल्या चौकोनाचं माप, आतली खोली आणि वूफरचे ओहम जुळावे लागतात. पुष्कळदा छोट्या स्पीकरच्या वायरीही त्याच जुन्या पाटीवरून आत जातात. पाटी काढून टाकली तर वरचाही आवाज जातो, हे विसरू नका. तिसरा मार्ग, ॲम्प्लिफायर पेटीत न ठेवता बाहेर ठेवणं आणि वूफरच्या दोन वायरी बाहेर आणणं. उष्णता आणि हादरे दोन्ही टळतात. पुढे बिघडला तर कोणीही बदलू शकतो. मी हा मार्ग घेतला.

जुनी पाटी फेकली नाही. जळका बोर्ड काढून तीच झाकण म्हणून परत बसवली, तिच्यावर वूफरसाठी दोन टर्मिनल वाढवली, बटणांची भोकं आतून बंद केली, आणि कडेची फोमची पट्टी नवी लावली. पेटी हवाबंद राहिली पाहिजे. बारीकशी फट राहिली तरी फुसफुस आवाज येतो आणि वूफरची चाल बदलते.

बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल कुठून द्यायचा? मुख्य ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळं आउटपुट असेल तर तिथून. माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला ते नाही, म्हणून स्पीकरच्याच टर्मिनलवरून सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प्लिफायर निवडला. साध्या आरसीए इनपुटमध्ये स्पीकरची वायर थेट कधी घालू नये. मुख्य ॲम्प्लिफायरचं ऋण टोक अर्थला जोडलेलं नसेल, तर त्याचंही नुकसान होऊ शकतं.

सगळं जोडलं, चालू केलं. वाजलं! पण डावीकडचा डग्गा गोल, भरीव, आणि उजवीकडचा पोकळ. आवाज वाढवला तर उजवीकडून 'टक-टक'. वूफर तोच, पेटी तीच, नवा ॲम्प्लिफायर जुन्याहून जास्त ताकदीचा. मग बिघडलं काय?

आता नागसेनाला सोडून वैशेषिकांकडे जाऊ. ते दोन संबंध वेगळे मानतात. टेबलावर पुस्तक ठेवलं तर तो संयोग. उचललं की संपला, दोघांचंही काही बिघडत नाही. पण वस्त्र आणि धागे यांच्यात समवाय असतो. एक दुसऱ्यावाचून राहूच शकत नाही. आठ स्क्रूंनी बसवलेली पाटी मी संयोग समजत होतो. काढा, दुसरी लावा. नैयायिक मला रागावतील, कारण काटेकोर अर्थाने तो संयोगच आहे. पण त्या ॲम्प्लिफायरमध्ये त्या पेटीबद्दलची माहिती होती.

ती कशी? खर्जाच्या लाटा प्रचंड लांब असतात, ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर. तेवढी हवा हलवायला मोठी पेटी हवी, आणि मोठी पेटी घरात कोणाला नको असते. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली, तेव्हा विल्चरने बंद पेटीतल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग बनवलं आणि पेटी लहान केली. पुढे १९६१ साली नेव्हिल थिल यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफर आणि पेटी यांचं नातं गणितात मांडलं. वूफर एकटा कसा आहे हे पुरेसं नाही, तो कोणत्या पेटीत आहे यावर त्याचा आवाज ठरतो. पेटी फार लहान केली की खालचे स्वर लवकर उतरतात. ते उतरणं भरून काढायला उत्पादक ॲम्प्लिफायरमध्येच खर्ज उचलणारं सर्किट बसवतात. आणि अतिखालच्या, ऐकूही न येणाऱ्या कंपनांनी पडदा मर्यादेबाहेर फेकला जाऊ नये म्हणून तिथे एक गाळणीही ठेवतात. माझ्या नव्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही नव्हतं. खर्ज उचलला जात नव्हता म्हणून पोकळपणा, आणि गाळणी नव्हती म्हणून टक-टक. ती टक-टक म्हणजे कॉइल मर्यादेच्या टोकाला आपटत होती. आणखी आठवडाभर तसंच वाजवलं असतं तर चांगला वूफर गेला असता.

मग ती माहिती परत कुठून आणायची? जळालेल्या बोर्डातून नाही. पण डावी पेटी जिवंत होती! तिच्यात तेच सर्किट चालू होतं. आमचा नातू अभियांत्रिकीला आहे. त्याने मोजमापाचा माइक आणला, संगणकावर रूम इक्यू विझार्ड हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घातलं. माइक डाव्या वूफरच्या पडद्याजवळ, जेमतेम बोटभर अंतरावर धरून खालपासून वरपर्यंत स्वर वाजवले. इतक्या जवळून मोजलं की खोलीचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. मग उजव्याचं तसंच मोजलं. दोन रेषा एकावर एक ठेवल्या. फरक दिसला : ३५ हर्ट्झच्या आसपास डावी सुमारे पाच डेसिबल वर, आणि २५ च्या खाली झपाट्याने खाली. आम्ही साधा ॲम्प्लिफायर परत करून डीएसपी असलेला घेतला, म्हणजे ज्यात अशा गोष्टी आकड्यांनी बसवता येतात. तो फरक त्यात भरला. आवाजाची पातळी डाव्याशी जुळवली. लक्षात ठेवा, तीन डेसिबल उचललं की ताकद दुप्पट लागते, सहा डेसिबलला चौपट. म्हणून जेवढं मोजलंय तेवढंच भरायचं, हौसेने वाढवायचं नाही.

शेवटी टोकांची दिशा तपासली. ८० ते १०० हर्ट्झचा एक स्वर लावायचा, वूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून पाहायच्या, आणि ज्या जोडणीत आवाज भरीव लागेल ती ठेवायची. उलट जोडलं तर वरचे स्पीकर आणि वूफर एकमेकांना खोडतात.

मग माझं म्हणणं काय? वस्तूचे भाग मोजा, म्हणजे टाकण्याची घाई होणार नाही. पण भाग बदलताना हे विसरू नका की त्या भागाने शेजाऱ्यांना सांभाळून घेतलेलं असतं. नवा भाग ताकदवान आहे एवढ्याने भागत नाही, त्याला ते सांभाळणं शिकवावं लागतं. म्हणून आधी मूळ बोर्डाची दुरुस्ती, ती नाहीच जमली तर बदल. आणि बदलायची वेळ येण्यापूर्वी, जोडी धड असतानाच, तिचं मोजमाप घेऊन ठेवा. आमचं एका कागदावर लिहून दोन्ही पेट्यांच्या आत चिकटवलंय. मी नसताना कोणी पाटी उघडली तर त्याला दिसेल.

वहिनी आता पुन्हा येतात. गेल्या रविवारी विचारलं, डावा आणि उजवा सारखे वाटतात का? म्हणाल्या, "उजवा जरा बरा आहे." मी अजून कारण शोधतोय.

काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वेगळा सबवूफर आणून ठेवला तर?

उत्तर : चालेल की. वेगळा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर हा चांगला पर्याय आहे, विशेषतः वूफरच जळला असेल तर. फक्त बंद पडलेला वूफर पेटीत तसाच राहू द्या, भोक उघडं ठेवू नका. आणि एका बाजूचा वूफर बंद असेल तर दुसऱ्या बाजूचाही बंद करा, नाहीतर तोल जातो.

प्रश्न : दुरुस्ती करू नये असं कधी म्हणाल?

उत्तर : पेटीचं लाकूड पाण्याने फुगलं असेल, किंवा वूफरची कॉइल गेली आणि तसा दुसरा मिळत नसेल, तर थांबावं. पडद्याच्या कडेचा फोम नुसता कुजला असेल तर घाबरू नका, तो नवा लावता येतो. आणि फ्यूज काळा दिसला तर ड्रॉवर उघडू नका. माझा नंबर संयोजकांकडे आहे, आधी मला फोन करा.